नापास पार्टांची गाडी

७ जानेवारी, रविवार

मिळाली! मिळाली! मिळाली!

म्हणजे अजून तिला मोटरसायकल म्हणवत नाही. जिन्याखाली ताडपत्री पांघरून पडलेलं लोखंड आहे. पण आजपासून माझं लोखंड.

माझ्या स्कूटरने मागच्या महिन्यात मान टाकली. तेव्हापासून बसने हिंडतेय. मांडीवर रक्ताच्या नमुन्यांची थंड पेटी, आणि शेजारचा विचारतो, "ताई, आइस्क्रीम का?" लॅबच्या मॅडमनी परवा तोंडावर सांगितलं, "तुझे नमुने इथे पोचेपर्यंत पेशंट बरा झालेला असतो. एक मार्चपर्यंत गाडीची सोय कर, नाहीतर काउंटरवर बस." काउंटर! दिवसभर "रिपोर्ट आला का, रिपोर्ट आला का". त्यापेक्षा मी स्वतःचंच रक्त काढून त्यांना वाटत बसेन.

म्हणून आज जेवताना धीर करून म्हटलं, "बाबा, खाली तुमची गाडी नुसतीच पडलीये..." सासरेबुवांचा घास हातात थांबला. मला वाटलं, आता पेटणार. दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून त्यांनी ती झाकून ठेवली. तेव्हापासून तिच्यावर बसायचं सोडाच, तिला टेकायचीही चोरी. पण म्हणाले, "घे. दोन अटी. मेकॅनिकचा हात लागणार नाही. तू उघडायची, तू जोडायची, आणि प्रत्येक पार्ट माझ्याकडून पास झाल्याशिवाय बसवायचा नाही. दुसरी अट — तयार झाली की पहिली फेरी मी मारणार. मग गाडी तुझी."

"चालेल," म्हटलं. चालेल काय, धावेल!

नवरा म्हणाला, "तुला पान्यातलं काय कळतं?" हे कोण म्हणतंय? ज्याला बल्ब बदलायला माणूस बोलवावा लागतो तो!

८ जानेवारी

ताडपत्री काढली. सीटमध्ये उंदरांचा चार खोल्यांचा संसार. नोटीस न देता घर रिकामं करून घेतलं.

१० जानेवारी

बाबांनी जिन्याखाली स्वतःची खुर्ची मांडली. शेजारी तिवई, तिवईवर मखमली डबीत व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, आणि लाल खडू. चौतीस वर्षं कारखान्यात तपासणी खात्यात काढली त्यांनी. आलेला माल मोजायचा, बसत नसेल तर लाल फुली मारून परत. आईंना म्हणे बघायला गेले तेव्हाही आधी सगळ्या घराकडे डोळे बारीक करून पाहिलं होतं. आई म्हणतात, "मी पास झाले हेच माझं नशीब." मी मनातल्या मनात त्यांना इन्स्पेक्टर म्हणते. तोंडावर बाबाच.

आज टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. कसला वास! वार्निश झालंय त्याचं. कार्ब्युरेटर उघडला. एवढ्याशा पितळी जेटची भोकं बुजलेली. माझ्याकडच्या सुया कामी आल्या, अर्थात न वापरलेल्या. इन्स्पेक्टर म्हणाले, "हात बरा आहे तुझा." हे त्यांच्या तोंडून म्हणजे सुवर्णपदकच! नवऱ्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो कान झाकून बाथरूममध्ये गेला.

१३ जानेवारी

पार्टांच्या दुकानात गेले. हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, त्यामुळे कंपनीचा पार्ट मिळायचा नाही, सगळं बाहेरच्या बनावटीचं. दुकानदार मला बघून आधी म्हणाला, "साहेब नाही आले?" म्हटलं, "साहेब घरी कपडे वाळत घालतायत. ब्रेकचे शू दाखवा." (खरंच घालत होता.) मग त्याने तीन जाती समजावल्या. एक, बाहेरचा पण कंपनीच्या तोडीस तोड. दोन, बाहेरचा, चालून जाईल. आणि तीन — "घ्या, आणि घरच्यांना सांगून निघत जा."

मी तासभर उभी. शूचा लायनर नखाने उचलून पाहिला, चिकटवलेली कड सुटतेय का ते पाहिलं. चेन आडवी धरून पाहिली. स्वस्तातली चकचकीत, पण मधोमध पोट सुटल्यासारखी लोंबते. चांगली मेली तेलकट, मळकट, आणि ताठ. माणसांचंही असंच असतं असं लिहिणार होते, पण मग नवऱ्याकडे बघितलं. हा नियम सगळीकडे लागू नाही.

पहिल्या जातीचे ब्रेक शू आणले. छाती फुगवून.

१४ जानेवारी, रविवार

रिजेक्ट.

इन्स्पेक्टरांनी शू हातात घेतला, फिरवला, कडेवरून अंगठा नेला, व्हर्नियर लावला. "एकशेदहाला अर्धा कमी." लाल फुली. "परत कर."

अर्धा काय, अर्धा मिलिमीटर! माझी तर संबंध आयुष्याची मापं याहून मोठ्या फरकाने चुकलीत!

१७ जानेवारी

दुसरे शू आणले. वर क्लचची केबल. दोन्ही रिजेक्ट. केबल म्हणे "आतून खरखरते". मी शंभर वेळा ओढून पाहिली. लोण्यासारखी सरकते.

२० जानेवारी

चेन रिजेक्ट. एअर फिल्टर रिजेक्ट. प्लगही रिजेक्ट! प्लग! तो तर दुकानदाराने स्वतःच्या गाडीला लावतो तोच दिला होता.

दुकानदार म्हणाला, "ताई, सासरे विमान बनवतायत का?" परत घेताना हल्ली तो आधी लाल फुली पुसायला कापड शोधतो. मला म्हणाला, "पार्ट शंभर टक्के बरोबर आहेत. माप मी घेतलंय." मी बाबांची बाजू घेतली. म्हटलं, "चौतीस वर्षं हेच केलंय त्यांनी. तुम्ही केलंय का चौतीस वर्षं?" घरी येऊन मात्र उशीत तोंड घालून ओरडले.

२३ जानेवारी

घरात प्रेम उफाळून आलंय! सासूबाई रोज सकाळी सासरेबुवांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात. पहिल्या पानापासून निविदा-सूचनांपर्यंत. मी चिडवलं तर लाजल्या. म्हणाल्या, "तेच म्हणाले, तुझा आवाज ऐकायला बरं वाटतं. चाळीस वर्षं 'किती बोलतेस' म्हणायचे मेले."

नवऱ्याला म्हटलं, शीक काहीतरी. तो म्हणाला, "मला अजून वीस वर्षं आहेत."

२८ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते. 

पुढच्या चाकाचे जुने शू मी काढले होते. कंपनीचे, अस्सल. बाबा पुढचा ब्रेक फारसा वापरायचेच नाहीत, त्यामुळे ते जवळजवळ नवे राहिलेत. रॉकेल आणि ब्रशने घासून लख्ख केले आणि नव्यांशी ताडून बघायला तिवईवर ठेवले. बाबांनी नेमका तोच जुना उचलला. अंगठा फिरवला, व्हर्नियर लावला, म्हणाले, "अर्धा कमी. बाहेरचा फालतू माल. रिजेक्ट!" आणि लाल फुली मारली. थेट कंपनीच्या उठावदार शिक्क्यावर!

सापडले! मला उड्या मारायच्या होत्या. तीन आठवडे माझी परेड काढलीये, आता स्वतःचाच पार्ट नापास केला! तोंड उघडलं, आणि तेवढ्यात व्हर्नियरकडे लक्ष गेलं.

आकडे माझ्याकडे होते.

मला सगळे स्पष्ट दिसत होते. बाबांच्या तोंडाकडे होती व्हर्नियरची पाठ. आणि ते डोळे बारीक करून त्या पाठीवरून माप वाचत होते.

उघडलेलं तोंड मिटलं. म्हटलं, "बरं बाबा, परत करते."

२९ जानेवारी

मी मूर्ख आहे. शंभर टक्के, कंपनीच्या तोडीस तोड मूर्ख.

रोज दहा म्हाताऱ्यांचं खोटं पकडते. "सकाळपासून पाणीसुद्धा नाही" म्हणतात आणि मिशीला चहा असतो. "गोळी घेतली" म्हणतात आणि गोळी पानदाणीत. आणि घरात? कपात चहा ओतताना बाबा कडेला बोट आत धरतात. जिना मोजत उतरतात, मला वाटायचं कवायत. वर्तमानपत्राचं प्रेम! आणि गुडघा? ज्याचा गुडघा दुखतो तो माणूस असा न कुरकुरता जिना उतरतो का? गुडघ्याला काहीसुद्धा झालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी गाडी झाकली ती डोळ्यांमुळे.

डोळ्यांत नेमकं काय झालंय ते मला कळायचं नाही, मी रक्तवाली. पण एवढं कळतं — या माणसाला गाडी तयार झाली की पहिली फेरी मारायचीये. खाली रस्ता आहे. रस्त्यावर शाळेची बस थांबते.

राग आला मला. घरातल्या प्रत्येकाला फसवलं म्हणून. आणि वाईट वाटलं, फार वाईट. ज्या माणसाने जन्मभर केसाएवढी चीर डोळ्याने पकडली, त्याने हे तोंडाने कसं सांगायचं?

३१ जानेवारी

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "तूच बोल त्यांच्याशी. तुमचं दोघांचं जमतं."

वा रे वा. बाप कुणाचा, आणि घंटा बांधायची कुणी! म्हणाला, "मी बोललो तर म्हणतील तू कधी पाना धरलास?" हे मात्र खरं आहे. म्हणून आणखी राग आला.

३ फेब्रुवारी

प्रयत्न पहिला. लॅबशेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडून मोफत तपासणीची चिठ्ठी आणली. "बाबा, चला, आईंनाही नेऊ, दोघांचे डोळे दाखवून येऊ."

"माझे डोळे? दाखवायचे त्यांनी मला स्वतःचे!"

प्रयत्न संपला.

४ फेब्रुवारी, रविवार

प्रयत्न दुसरा. "बाबा, पहिली फेरी मीच मारू का? तुमचा गुडघा..."

"गुडघा एकदम ठीक आहे."

हो ना! तेच तर म्हणते मी!

६ फेब्रुवारी

बोलता येत नाही, तर मग वेळ काढायचा. गाडी तयारच होऊ द्यायची नाही, निदान मला धीर येईपर्यंत. आज दुकानात जाऊन म्हटलं, "क्लच केबल द्या. पण चुकीची."

दुकानदाराने कानात बोट घालून फिरवलं. "काय?"

"चुकीची. दुसऱ्या गाडीची. बसता कामा नये."

"ताई, तीन आठवडे बरोबर पार्ट परत आणलेत. आता चुकीचा मागताय. हे असं पहिलंच गिऱ्हाईक बघतोय." शेवटी एक केबल काढून दिली. म्हणाला, ही बसली तर मी दुकान बंद करीन.

घरी आणली. बाबांनी दोन्ही हातांत ताणली, बोटांनी टोकं चाचपली, आणि व्हर्नियर न उचलताच म्हणाले, "दोन इंच लांब आहे ही. रिजेक्ट."

दोन इंचच होती लांब! आंधळ्याचा नेम लागला म्हणायचा. (हे वाक्य खोडणार होते. ठेवते. इथे कोण वाचतंय?)

९ फेब्रुवारी

आज काहीच केलं नाही. चाकाच्या तारा पुसल्या. बाबा शेजारी बसून होते. त्यांनीही काही विचारलं नाही. कारखान्यातल्या गोष्टी सांगत होते. एकदा साहेबाच्या भावाचा माल नापास केला म्हणून त्यांची दोन वर्षं बढती अडली होती. "पण फुली पुसली नाही," म्हणाले. हसले. मीही हसले. हा माणूस मला आवडतो, हीच तर सगळी पंचाईत आहे! खडूस असता तर केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

१२ फेब्रुवारी

मॅडम — "एक तारीख लक्षात आहे ना? काउंटरवरची मुलगी सोडून चाललीये. तुझं नाव देऊ?"

म्हटलं, नको, गाडी जवळजवळ तयार आहे. हे म्हणजे पेशंटला "मुंगी चावल्यासारखं वाटेल" म्हणतात तसं.

काउंटर नको मला. खरंच नको. सकाळी साडेसहाला दारं उघडतात, कुणी झोपेतच हात पुढे करतं, कुणी रोज तीच तक्रार सांगतं. एक आजी सुई टोचताना मला चिमटा काढते, "आता फिटंफाट." ही माणसं सोडून काचेमागे बसू? गाडी हवीच आहे. आणि गाडी झाली की बाबा बसणार. इकडे आड, तिकडे विहीर, मध्ये मी आणि बाराचा पाना.

१७ फेब्रुवारी

नापास झालेले सगळे पार्ट दुकानदाराकडून परत आणले. दुकानदाराने हात जोडले. म्हणाला, "या वेळी आले तर मी घेणार नाही. त्यांनाही घरचा रस्ता पाठ झालाय."

१८ फेब्रुवारी, रविवार

बाबा दुपारी झोपले. मी खाली.

शू बसले. असे बसले की टकटक वाजवावं लागलं नाही. केबल बसली. एअर फिल्टर चपखल. चेन चढवली. लॉकची पट्टी आधी उलटी लावली, मग पुस्तकात बघून सुलटी केली. बंद बाजू चाक फिरतं त्या दिशेला हवी, नाहीतर पट्टी चालता चालता उडते आणि मग चेन आपल्या मर्जीने घर सोडते. दोन नखं तुटली. दुकानदाराच्या कापडाला न गेलेल्या लाल फुल्या मी पुसल्या नाहीत. आत गेलंय सगळं, कुणाला दिसतंय!

किक. काही नाही. किक. खोकली. सातवी किक — आणि सुरू! अख्खा जिना धुराने भरला, वरच्या मजल्यावरचं कुत्रं ठार वेडं झालं, आणि मी एकटीच टाळ्या पिटत नाचले. दोन मिनिटं सगळं विसरले होते.

मग वर पाहिलं. बाबा जिन्याच्या कठड्याला धरून उभे. पायात चप्पल नाही. डोळे मिटलेले. ऐकत होते.

नापास पार्ट घातले म्हणून ओरडतील वाटलं. नाही. म्हणाले, "स्लो किंचित वाढव, मरेल नाहीतर." मी स्क्रू फिरवला. "बास." मग म्हणाले, "मग रविवारी पहिली फेरी." आणि पायऱ्या मोजत वर गेले.

२० फेब्रुवारी

जेवताना तिसरा प्रयत्न. तोंड उघडलं आणि म्हटलं, "मीठ द्या."

२२ फेब्रुवारी

सासूबाईंनी बाबांचं जुनं जाकीट उन्हात टाकलंय. नवरा हेल्मेट पुसतोय. सगळं घर जणू वरातीला निघालंय. नवऱ्याला म्हटलं, "तू थांबव." म्हणाला, "तुझं काहीतरी ठरलंय ना?" माझं काय ठरणार, कपाळ!

२४ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. भित्र्याची युक्ती आहे, पण युक्ती आहे. सकाळी प्लगवरची टोपी काढून खिशात घालणार. मग हव्या तितक्या किका मारा, ठिणगीच पडणार नाही. बाबा दमतील, म्हणतील पुढच्या रविवारी. मी म्हणेन, अरेरे.

पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी. एक तारीख त्याआधीच येते, ते माहीत आहे मला. त्या दिवशी गाडी गुपचूप नेईन. सुनेची जात, खोटारडी! एकाने डोळे लपवले, दुसरीने टोपी. चांगलं घर आहे.

पण त्यांच्या जागी मी असते आणि मला कुणी असं खेळवलं असतं, तर? मला ते आवडलं नसतं. मुळीच नसतं आवडलं.

२५ फेब्रुवारी, रविवार

बाबा गाडीवर बसले. एक किक मारली. दुसरी मारलीच नाही. खाली हात घातला, थेट प्लगवर, आणि रिकामा तळहात माझ्यासमोर धरला.

मी टोपी दिली नाही. म्हटलं, "बाबा, तुम्हाला दिसत नाही. मी तुम्हाला गाडी देणार नाही." एका दमात. आई दारात, नवरा जिन्यात.

बाबांनी हँडल सोडलं. मग उतरले. मला बसायची खूण केली. मी टोपी लावली, बसले. ते माझ्या मागे बसले, चाचपून माझा खांदा धरला आणि कानाशी म्हणाले, "सात आठवडे लावलेस एवढं बोलायला! अजून किती चांगले पार्ट परत पाठवायचे होते मी?"